फिजिक्सचे मास्तर गेले कुठे? (इंदूर आणि आसपास)

राजेंद्रनगरकर

मंडळी, सल्ला हवाय, आणि थोडा वाद झाला तरी चालेल.

भाची यंदा होळकर सायन्स कॉलेजातून फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाली. शिकवायची मनापासून हौस आहे. बी.एड. करून सरकारी शाळेच्या वर्ग एकच्या (म्हणजे अकरावी-बारावीच्या शिक्षकांच्या) परीक्षेला बसायचं तिच्या मनात आहे. घरात दोन तट पडलेत. मेहुणे म्हणतात बँकेची परीक्षा दे, बहीण म्हणते पुण्याला जाऊन डेटाचं काहीतरी शीक. शिक्षिका हो म्हणणारं घरात कोणीच नाही, आणि गंमत म्हणजे आमच्या घरात दोन पिढ्या शिक्षिकाच झाल्या.

पण धागा काढायचं कारण वेगळं आहे. सांवेरकडे आमची थोडी शेती आहे. तिथल्या सरकारी हायर सेकंडरीत गणित संकाय (म्हणजे गणिताची शाखा) नावाला आहे. फिजिक्सची जागा रिकामी. अतिथी शिक्षक येतो, चार महिने शिकवतो, दुसरीकडे काही मिळालं की जातो. मग केमिस्ट्रीच्या मॅडम प्रॅक्टिकलच्या वह्यांवर सह्या करतात. आणि इकडे इंदुरात, कोचिंगवाल्यांच्या भंवरकुआं चौकात उभं राहून मान वर केली तर प्रत्येक होर्डिंगवर एकेक 'फिजिक्स सर' हाताची घडी घालून हसतोय. तीसेक किलोमीटरवर दुष्काळ आणि इथे पूर. मग तुटवडा नेमका कशाचा आहे?

हिंजवडीत_इंदूरकर

काका, यात कोडं काय आहे? पगार. मागणी आहे तिथे पैसे टाका, माणसं येतात. भंवरकुआंवर टाकले, आली. सांवेरला टाकले नाहीत, नाही आली. धागा संपला, पोहे खायला चला.

वर्ग१_धार

एवढ्यात नका संपवू. मी फिजिक्सचीच, वर्ग एकमध्येच आहे, धार जिल्ह्यात. मूळ वेतन ३६,२००, वर महागाई भत्ता. एखाद्या खासगी शाळेत 'पीजीटी फिजिक्स' (अकरावी-बारावीचा फिजिक्स शिक्षक) म्हणून जे हातात देतात त्यापेक्षा हे कितीतरी बरं. पगाराचा आकडा पाहून कोणी पळत नाही. त्या पगारापर्यंत पोहोचेतो माणूस संपतो.

माझ्या भरतीचं सांगते. जाहिरात २०१८ची. परीक्षा फेब्रुवारी २०१९मध्ये, निकाल ऑगस्टमध्ये. कागदपत्रांची तपासणी जुलै २०२०मध्ये सुरू झाली आणि थांबली. नियुक्तिपत्रं निघाली ऑक्टोबर २०२१मध्ये. तेवढ्या काळात दोनदा सरकार बदललं, करोना येऊन गेला. आणि हे सगळं बी.एस्सी.ची तीन वर्षं, एम.एस्सी.ची दोन आणि बी.एड.ची दोन झाल्यावर (बी.एड. २०१५पासून दोन वर्षांचं झालंय, आधी एकाच वर्षात उरकायचं). वर २०१९च्या डिसेंबरात नियम आला की नव्या माणसाला पहिल्या वर्षी ७० टक्के, दुसऱ्या वर्षी ८०, तिसऱ्या वर्षी ९०. म्हणजे ३६,२००चे पहिल्या वर्षी २५,३४० झाले. पूर्ण पगार चौथ्या वर्षी.

आता बघा, हा उशीर हिंदीवाल्याला, इतिहासवाल्याला आणि फिजिक्सवालीला सारखाच. पण इतिहासात एम.ए. झालेला माझा सहकारी थांबला, कारण त्याच्यासमोर दुसरं दार नव्हतं. फिजिक्सच्या यादीतली माझ्या ओळखीची मुलं मधल्या काळात बँकेत गेली, कोचिंगला लागली, एक तर विमा कंपनीत गणितं करतोय. मी थांबले, कारण नवऱ्याचा पगार होता. फिजिक्सचा शिक्षक व्हायला आज फिजिक्सच्या आधी घरात दुसरा पगार लागतो, काका.

हिंजवडीत_इंदूरकर

मान्य, हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. पण तरी विचारतो: फिजिक्सवाल्याला बाहेर जास्त मिळतं हे सगळ्यांना दिसतंय, तर त्याला शाळेतही जास्त का देत नाहीत? आमच्या कंपनीत ज्या कौशल्याची माणसं मिळत नाहीत त्यांना जास्त देतात, कोणी रडत नाही.

वर्ग१_धार

आमच्या स्टाफरूममध्ये हे बोलून दाखवा एकदा. संस्कृतच्या मॅडम तुम्हाला उभं जाळतील.

तीन_बॅचवाला

होर्डिंगवाल्यांपैकी एक इथे हजर आहे (माझा फोटो लहान आहे, खालच्या ओळीत).

मी बी.ई. मेकॅनिकल. शाळेत शिकवायला मला आवडलं असतं का? हो. घेतील का? नाही. बी.ई.वाल्यांना बी.एड.चं दार एनसीटीईच्या (शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) २०१४च्या नियमांनी उघडलं, ५५ टक्के हवेत. पण अकरावी-बारावीला शिकवायचं तर त्या विषयातली पदव्युत्तर पदवी लागते. म्हणजे बी.एड.ची दोन वर्षं घालवूनही मी फिजिक्सच्या त्या रिकाम्या खुर्चीला अपात्रच. तिकडे खुर्ची रिकामी, इकडे मी सकाळी सहापासून तीन बॅचना रोटेशनल मोशन शिकवतोय.

उगाच रडत नाही, पैसे बरे मिळतात. पण कोचिंगच्या नोकरीचं खरंही सांगतो. इथे दर जूनमध्ये तुमचा भाव पुन्हा ठरतो. मागच्या बॅचचे निकाल, मुलांनी दिलेले गुण, दुसऱ्या संस्थेनं कोणाला उचललं, यावर. चाळिशीनंतर घसा जातो. पेन्शन वगैरे सोडा, पीएफसुद्धा सगळीकडे नाही. त्यामुळे 'कोचिंगने शिक्षक पळवले' हे अर्धंच खरं आहे. जे शाळेच्या दारापर्यंतच पोहोचू शकत नव्हते त्यांना कोचिंगने कामाला लावलं, हे उरलेलं अर्धं.

सुदामानगरची_मावशी

आता म्हातारीचं ऐका. मी १९८३ची भरती, देवास जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळेत, बी.एस्सी. बायो. बी.एड. नोकरीत लागल्यावर झालं, सरकारनेच पाठवलं आणि त्या काळात पगार चालू होता. आजच्या मुलींना हे सांगितलं की त्या माझ्याकडे संशयाने बघतात.

राजेंद्रनगरकर, तुमच्या घरात दोन पिढ्या शिक्षिका का झाल्या, याचा विचार केलात का? आमच्या वेळी इंदूरच्या मराठी घरातली मुलगी बी.एस्सी. झाली की तिच्यापुढे किती वाटा असत? शाळा, बँक, फार तर पोस्ट. इंजिनिअरिंगला मुलगे जात, आमच्या आळीतून एकही मुलगी गेली नव्हती. बाहेरगावी एकटं राहायचं नाही, उशिरापर्यंतचं काम नको. मग वर्गात पहिली आलेली मुलगी सहावीला पानाचा आडवा छेद शिकवायची, आणि उत्तम शिकवायची. त्याग, सेवाभाव वगैरे भाषणातले शब्द झाले. सरकारला हुशार बायका स्वस्तात मिळत होत्या, कारण त्यांना दुसरीकडे कोणी घेत नव्हतं. त्यावर शाळांची विज्ञानाची सगळी इमारत उभी होती. माझी स्वतःची मुलगी आज पुण्यात आहे, बाणेरला, सॉफ्टवेअरमध्ये. तिने शिक्षिका व्हावं असं मला एक दिवसही वाटलं नाही. तेव्हा 'पूर्वीसारखे शिक्षक राहिले नाहीत' म्हणणाऱ्यांनी आधी 'पूर्वीसारख्या अडकलेल्या मुली राहिल्या नाहीत' असं म्हणावं.

राजेंद्रनगरकर

मावशी, दंडवत. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला तर मेडिकलला जायचं होतं." हे आम्हाला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

सरळसोट

एवढी चर्चा कशाला? देशातला सर्वोत्तम शिक्षक एकदा रेकॉर्ड करा, सगळ्या शाळांत स्मार्ट बोर्डवर दाखवा. यूट्यूबवर फिजिक्स फुकट आहे. सांवेरच्या पोरांच्या हातातही मोबाइल आहेच. शिक्षक ही जागाच जाणार आहे.

सुदामानगरची_मावशी

सरळसोटराव, सातवीच्या मुलाला भिंगाने कागद जाळायचा असतो. तो जाळताना शेजाऱ्याची वहीपण जाळतो. तुमचा रेकॉर्ड केलेला सर तेव्हा काय करणार?

आणि विषय निघालाच आहे तर होशंगाबादचं सांगते, कारण नव्या लोकांना माहीत नसेल. १९७२मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ सरकारी शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगांतून शिकवायला सुरुवात केली. पुढे एकलव्य संस्था १९८२मध्ये निघाली आणि कार्यक्रम इतर जिल्ह्यांत पसरला, आमच्या देवासलाही आला. दर शाळेला किट. परीक्षेला पुस्तक उघडून बसायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांचं तीन-तीन आठवड्यांचं प्रशिक्षण, आणि शिकवायला दिल्ली विद्यापीठातले, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले लोक जमिनीवर बसून आमच्याबरोबर विजेरीचे सेल जोडायचे. दर महिन्याला गोष्ठी, म्हणजे आसपासच्या शाळांचे विज्ञान शिक्षक एकत्र बसून 'माझ्या वर्गात हा प्रयोग फसला, का फसला' ते बोलायचे.

आमचा पगार त्याने एक रुपया वाढला नाही. पण माझ्या गटातल्या कोणाला मी विज्ञान सोडून ऑफिसात बदली मागताना पाहिलं नाही, आणि इतर विषयांत तेच सर्रास चालायचं. आपल्या प्रश्नाला कोणीतरी प्रश्न समजतंय, याची चटक लागते. २००२मध्ये सरकारने कार्यक्रम बंद केला. गोष्ठी गेल्या, किट कपाटात गेलं. त्यानंतरच्या माझ्या नोकरीबद्दल न बोललेलं बरं. मतदार याद्या केल्या.

वर्ग१_धार

मावशी, मतदार याद्या अजून आहेत. आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांकडे बीएलओची (मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची) जबाबदारी आहे. मतदार यादीचं काम निघालं की दहावीचं त्रिकोणमिती पुढे ढकललं जातं.

सांवेरच्या मुद्द्यावर परत येते, कारण तिथे मला खरा फास दिसतो. शाळेत फिजिक्सचा शिक्षक नाही म्हणून गणित संकायात कोणी येत नाही. मुलं बायो घेतात नाहीतर कला. चार मुलांसाठी संकाय चालवायला वरून कोणाला रस नसतो, मग ती जागा भरायची घाईही नसते. पुढे त्या गावातून फिजिक्समध्ये बी.एस्सी. करणारं कोणी निघतच नाही. आणि गावात टिकणारा शिक्षक बहुतेक वेळा त्याच भागातला असतो. इंदूरहून गेलेला पहिल्या दिवसापासून ट्रान्सफरच्या साइटकडे डोळे लावून बसतो. मी पण बसते, खोटं कशाला बोलू.

खालच्या वर्गांतही तेच. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी विज्ञान आणि गणित मिळून किमान एक शिक्षक असं लिहिलंय. मिळून! त्या एका जागेवर बायोवाला आला तर गणित आणि वीज-चुंबक लंगडतात, गणितवाला आला तर पचनसंस्था वाचून दाखवली जाते. आमच्या अकरावीत येणाऱ्या मुलांनी ओहमचा नियम पाठ केलेला असतो, पण ॲमीटर कधी हातात घेतलेला नसतो. त्यांना फिजिक्स भीतिदायक वाटलं तर दोष कोणाचा?

नंदेसरी_बडोदा

बडोद्याहून नमस्कार. आमच्याकडे कथा तीच, नाव वेगळं. २०२३पासून ज्ञान सहायक नेमतात, अकरा महिन्यांच्या करारावर. उच्च माध्यमिकला २६,००० महिना. टाट (शिक्षक भरतीची परीक्षा) पास झालेल्या मुलांनी कायम भरतीसाठी आंदोलनं केली ती याच्यावरूनच.

पण एक फरक सांगतो, तो कुठल्या अहवालात वाचलेला नाही, डोळ्यांनी बघतोय. तुम्ही सगळे फिजिक्स-फिजिक्स करताय. आमच्याकडे रसायनवाला हातात लागत नाही! कोयलीची रिफायनरी, जीएसएफसीचा खत कारखाना, नंदेसरीतले छोटे-मोठे प्लांट, पुढे दहेज-अंकलेश्वर. केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेला मुलगा आधी क्यूसीच्या (मालाचा दर्जा तपासायच्या) लॅबमध्ये जातो. शाळा त्याच्या यादीत तळाला. फिजिक्सच्या एम.एस्सी.ला असा कारखाना नाही, म्हणून तो निदान शाळेचा विचार तरी करतो. आपल्या सयाजीराव विद्यापीठात शिक्षणशास्त्राची स्वतंत्र फॅकल्टी आहे, नाव मोठं आहे, पण तिथल्या बी.एड.ला विज्ञान घेऊन बसणारी मुलं आधी तिथवर पोहोचली पाहिजेत ना. तेव्हा 'विज्ञान शिक्षकांचा तुटवडा' असं सरसकट मोजून भागणार नाही. गावाभोवती कुठला उद्योग आहे ते पाहा, म्हणजे कुठल्या विषयाचा मास्तर गायब आहे ते कळेल.

तीन_बॅचवाला

हे पटलं. पीथमपूरच्या औषध कंपन्या इकडे तेच करतात. आमच्या संस्थेत केमिस्ट्रीचा माणूस टिकवायला मालकाला फिजिक्सवाल्यापेक्षा जास्त नाकदुऱ्या काढाव्या लागतात.

लीड्सकर

इंदूरच्या लोकमान्य नगरची, सध्या इंग्लंडमध्ये, इथल्या सरकारी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. हिंजवडीत_इंदूरकर यांनी विचारलं ना, विषय बघून पैसे का देत नाहीत म्हणून, तर इथे देतात. फिजिक्सचा शिक्षक व्हायचं प्रशिक्षण घेणाऱ्याला २०२४-२५मध्ये २८,००० पाउंडांपर्यंत विद्यावेतन होतं, करमुक्त. इतिहासाला शून्य. शिवाय गणित, फिजिक्स, केमिस्ट्री आणि कॉम्प्युटरच्या शिक्षकांना पहिल्या पाच वर्षांत, गरीब वस्तीतल्या ठरावीक शाळांत टिकल्यास वर्षाला ६,००० पाउंडांपर्यंत जास्तीचे. आणि स्टाफरूम जळलेली नाही, थोडी धुसफूस होते.

एवढं करूनही २०२३-२४मध्ये फिजिक्सच्या प्रशिक्षणार्थींचं ठरवलेलं लक्ष्य जेमतेम १७ टक्के भरलं. मी मुळात बायोकेमिस्ट्रीची, आणि नववी-दहावीला फिजिक्स शिकवते, कारण दुसरं कोणी नाही. तेव्हा पैशाने काहीच होत नाही असं नाही, पण विद्यापीठात फिजिक्सला जाणारी मुलंच मोजकी असतील तर त्या मोजक्यांवर बँका, संरक्षण उद्योग, सॉफ्टवेअर आणि शाळा सगळे एकदम तुटून पडतात. इथेही मुली दहावीनंतर फिजिक्स सोडतात, अगदी चांगले गुण असलेल्या. वर्ग१_धार यांनी सांगितलेला फास इथे इंग्रजीत बोलतो, इतकंच.

हिंजवडीत_इंदूरकर

बरं, मग पगार हे उत्तर नाही, व्हिडिओ हे उत्तर नाही, बाहेरून माणूस आणणं हे उत्तर नाही. करायचं काय भिया?

वर्ग१_धार

मला विचाराल तर भरतीचं वेळापत्रक. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात परीक्षा आणि त्याच सत्रात नेमणूक, एवढं जरी झालं तरी फिजिक्स-केमिस्ट्रीची निम्मी गळती थांबेल असं माझं मत आहे. त्याला जास्तीचा पैसाही लागत नाही. दुसरं, अतिथी शिक्षक. २०२३मध्ये वर्ग एकच्या अतिथींचं मानधन ९,०००वरून १८,००० केलं, चांगलं झालं. पण सत्र संपलं की तो घरी. उन्हाळ्यात त्याला प्रशिक्षणाला बोलवायचं तर तो तेव्हा शिक्षकच नसतो! मावशींच्या काळातली ती तीन आठवड्यांची शिबिरं आज कोणासाठी भरवणार?

आणि भाचीबद्दल: काका, तिला बी.एड. करू द्या, पण निकालाची वाट बघत घरी बसू देऊ नका. केंद्रीय विद्यालय, नवोदय, खासगी, सगळीकडे फॉर्म भरायचे. केंद्रीय विद्यालयात पीजीटीची सुरुवात ४७,६००पासून आहे, आपल्यापेक्षा बरी. बदली मात्र देशभर कुठेही.

सुदामानगरची_मावशी

आणि मेहुण्यांना सांगा, बँकेतही सायंकाळी सहाला सुटका होत नाही हल्ली.

पुणेकर_आजोबा

महाराष्ट्राकडे बोट दाखवायच्या आधी एक सांगून ठेवतो. इथेही २०१२पासून पुढे कित्येक वर्षं शिक्षक भरती जवळपास ठप्प होती. शिक्षण सेवकाचं मानधन २०२३च्या जानेवारीपासून वाढलं, उच्च माध्यमिकला ९,०००वरून २०,०००. म्हणजे इंदूर सोडून पुण्याला आलेल्या फिजिक्सवाल्या मुलीही शाळेत गेलेल्या नाहीत. त्या कुठे गेल्या ते हिंजवडीत_इंदूरकर सांगतील.

हिंजवडीत_इंदूरकर

माझ्या टीममध्ये दोन आहेत आजोबा. एक एम.एस्सी. फिजिक्स, ग्वाल्हेरची. टेस्टिंग करते.

नवी_सदस्या_महू

मी आजच सदस्य झाले, हा धागा वाचूनच. मुलगा बारावीला आहे, पीसीएम. त्याला खरंच शिक्षक व्हायचंय, आम्ही जबरदस्ती केलेली नाही. बी.एस्सी. आणि बी.एड. एकत्र होतं असं ऐकलं. कोणी सांगेल का? पाच वर्षांऐवजी चार वर्षांत होतं हे खरं का?

वर्ग१_धार

खरं आहे ताई. भोपाळला श्यामला हिल्सवर एनसीईआरटीचं क्षेत्रीय शिक्षण संस्थान आहे, साठच्या दशकापासून. तिथे चार वर्षांत बी.एस्सी. बी.एड. होतं. आता देशभर तोच साचा आयटेप नावाने आणलाय, २०२३-२४पासून. प्रवेश एनसीईटी परीक्षेतून, ती एनटीए घेते. फॉर्म निघाला की लगेच भरा. एक वर्ष वाचतं आणि पदवी चालू असतानाच शाळेत पाठवतात, त्यामुळे आवड टिकते का तेही लवकर कळतं.

पण वर्ग एकसाठी पुढे एम.एस्सी. करावंच लागेल, ते आत्ताच धरून चाला. वर्ग दोनला (सहावी ते आठवीच्या शिक्षकांना) चार वर्षांची पदवी चालते, भरतीची परीक्षा मात्र द्यावी लागते.

तीन_बॅचवाला

महूच्या ताई, मुलाला एनसीईटीच्या फिजिक्सच्या पेपरसाठी काही अडलं तर निरोप पाठवायला सांगा. रविवारी दुपारी मी मोकळा असतो. फी नाही.